मास्टर विठ्ठल हरले नव्हते

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना मास्टर विठ्ठल यांचे नाव बहुतेक वेळा एकाच संदर्भात येते. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आला, त्याचे नायक मूकपटांतले गाजलेले मास्टर विठ्ठल होते, पण त्यांना हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हते, म्हणून त्यांच्या भूमिकेचा बराच भाग अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसाचा करावा लागला आणि बोलपटाच्या युगात ते मागे पडले. गोष्ट इथेच संपवली जाते. ती सांगायला सोपी आहे आणि ऐकणाऱ्याला पटतेही. तिच्यातले तपशील खोटे नाहीत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. आवाज ही नटाची अंतिम परीक्षा होती आणि विठ्ठल तिच्यात नापास झाले, असा निकाल देताना आपण एका कलेचे माप दुसऱ्या कलेला लावतो. मूकपटाचा नट हा वाचा नसलेला अर्धा नट नव्हता. त्याची कला स्वतंत्र होती, तिचे शिक्षण वेगळे होते आणि तिचे प्रेक्षकही ठरलेले होते. १९३१ नंतर जे घडले त्याला भाषा, यंत्र आणि धंदा ही तीन कारणे होती. विठ्ठल यांच्या अंगच्या गुणांत कमतरता आली म्हणून ते घडले नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वाचकाला हा विषय कोल्हापूरचा किंवा मुंबईचा वाटेल. पण विठ्ठल यांच्या पडद्यावरच्या आयुष्याची सुरुवात ज्या कथेने झाली, ती आपल्याच भागाची आहे. १९२४ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली. त्या मोहिमेत खजिन्याबरोबर कल्याणच्या सुभेदाराच्या घरची स्त्री हाती लागली आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठवले, ही परंपरेने चालत आलेली कथा या चित्रपटाचा विषय होती. तिच्यात इतिहास किती आणि लोकश्रद्धा किती हा वेगळा वाद आहे. इथे महत्त्वाचे हे, की या कथेची भूमी म्हणजे उल्हास नदीच्या काठचा कल्याण परिसर. अंबरनाथ आणि बदलापूर ही जुन्या कल्याण तालुक्यातली रेल्वेकाठची गावे होती, अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराने तेव्हाच साडेआठशे वर्षे ओलांडली होती, आणि त्याच दशकात तिथे विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना उभा राहत होता. उल्हासनगर तर नकाशावरही नव्हते. आपल्या मुलखाची गोष्ट पडद्यावर आणणाऱ्या त्या चित्रपटात एका नाचणारीच्या भूमिकेत विठ्ठल पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले.

पुरुषाने नाचणारी रंगवणे यात त्या काळी विशेष काही नव्हते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके यांनी केली होती, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच वठवल्या. मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांची मोठी परंपरा होती आणि विठ्ठल त्याच मुशीतून आले होते. लहानपणी ते राजापूरकर नाटक मंडळीत बालनट होते. नाटक कंपनीतल्या पोराला काय काय शिकावे लागे हे पाहिले म्हणजे त्या शिक्षणाची किंमत कळते. पहाटेची तालीम, नाच, पट्टा आणि तलवार फिरवणे, दुसऱ्याच्या भूमिका तोंडपाठ ठेवणे, पडदा ओढणे, सामान बांधणे, सगळे त्यात आले. पेंटरांच्या कंपनीतही कामाच्या वाटण्या काटेकोर नव्हत्या. तिथे दामले, फत्तेलाल, शांताराम अशी पुढे मोठी झालेली मंडळी पडेल ते काम करत होती. विठ्ठल या कंपनीत आले ते नट म्हणून नव्हे. ते चित्रपटाचे संकलन करत, म्हणजे चित्रित झालेल्या फिती कापून जोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या चरित्रात या गोष्टीचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला मात्र त्यांच्या पुढच्या यशाची किल्ली तिथेच दिसते.

ते काम जवळून पाहू. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे असतात. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उतरत, म्हणजे सेकंदाला दोन फेरे दिले की एका सेकंदाला एक फूट फीत जाते. छायालेखकाने हात जरा हळू चालवला तर पडद्यावर माणूस वेगाने धावतो, हात जलद चालवला तर तोच माणूस संथ होतो. कौलावरून घोड्यावर घेतलेली उडी दीड सेकंदाची असेल तर ती दीड फूट फितीत मावली पाहिजे. उडीच्या आधी नटाने क्षणभर थांबून नजर कुठे ठेवली हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे, आणि उडी संपते तिथे पुढचा तुकडा जोडायला जागा राहिली पाहिजे. जोडणारा माणूस फितीवरचा लेप खरवडतो, डिंकासारखा द्राव लावतो, दोन टोके दाबून धरतो आणि मग भिंगातून पाहतो की हात वर गेला होता तो पुढच्या तुकड्यातही वरच आहे ना. हे रोज करणारा माणूस जेव्हा स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा आपल्या अंगाची कोणती हालचाल फितीवर टिकेल आणि कोणती कापली जाईल हे त्याला ठाऊक असते. मूकपटातल्या अभिनयाचा अर्थ असा होता. हावभाव भडक करणे म्हणजे मूकाभिनय ही समजूत अपुरी आहे. आपल्या शरीराचा वेग यंत्राच्या वेगाशी जुळवणे, शब्दाविना हेतू स्पष्ट करणे आणि पुढच्या दृश्याला वाट मोकळी ठेवणे, हे सगळे त्या नटाला साधावे लागे.

ही सगळी शिदोरी घेऊन विठ्ठल मुंबईला गेले. नानुभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी १९२५ मध्ये शारदा फिल्म कंपनी काढली. तिथेही विठ्ठल आधी नाचणारे आणि संकलक म्हणून होते. १९२६ च्या ‘रतन मंजरी’त ते नायक झाले आणि त्यानंतर शारदाच्या साहसपटांचे ते मुख्य आकर्षण ठरले. घोडदौड, तलवारबाजी, दोरावरून झेप, बुरुजावरची झटापट यांनी भरलेले हे चित्रपट होते. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होऊ लागली आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. हे यश समजून घ्यायचे तर तेव्हाचा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणावा लागेल. मुंबईतला गिरणी कामगार कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आणि गुजरातेतून आलेला होता. मूकपटाच्या पाट्या एकाच वेळी दोन-तीन भाषांत दाखवल्या जात आणि वाचता येणारा शेजाऱ्याला वाचून दाखवी. पाट्या कळल्या नाहीत तरी उडी सगळ्यांना सारखीच कळत होती. भाषा, जात आणि शिक्षण यांची अडचण न येता इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका वेळी एकच गोष्ट सांगणारी कला आपल्याकडे त्यापूर्वी फारशी नव्हती, आणि विठ्ठल यांचे शरीर तिचे मुख्य साधन होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो दर्जाचा. साहसपट म्हणजे मारामारीचे स्वस्त खेळ, त्यात अभिनय कसला, असे त्या वेळचे शिष्ट लोक म्हणत आणि आजही हा सूर ऐकू येतो. विठ्ठल यांचे मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, त्यामुळे हा आक्षेप थेट खोडून काढता येत नाही हे मान्य केले पाहिजे. तरी बाजूचा पुरावा आहे. याच प्रकारचा, १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट सुदैवाने टिकला आहे. हमीर आणि पुढे खाष्ट सासू म्हणून घरोघरी पोचलेल्या ललिता पवार यांचा हा चित्रपट पाहिला की साहसपटांचे व्याकरण लक्षात येते. त्यात तरुण ललिताबाई मुखवटा बांधून तलवार चालवतात. झटापटीच्या दृश्यांत कोणाचे पारडे कधी वर गेले, कोण कोणावर विश्वास ठेवतो, कोणाच्या मनात काय डाव आहे, हे सगळे पायांच्या ठेवणीतून आणि नजरेतून उलगडते. ज्यांना कथकलीतला किंवा दशावतारातला आंगिक अभिनय अभिनय म्हणून मान्य आहे, त्यांना हा अभिनय नाकारता येणार नाही. दशावतारातला पात्रप्रवेश आणि युद्धनृत्य आपण कला म्हणून पाहतो. तोच न्याय या नटांना का नको?

आता ‘आलम आरा’कडे येऊ. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने पहिला बोलपट काढायचे ठरवले तेव्हा नायकाच्या जागेसाठी मेहबूब खान यांच्याही नावाचा विचार झाला होता. मेहबूब तेव्हा नवखे होते. नव्या यंत्रावर मोठा खर्च होणार होता, म्हणून ज्याच्या नावावर तिकिटे खपतील असा नट हवा होता, आणि तो विठ्ठल होते. शारदा कंपनीशी त्यांचा करार होता. करार मोडून ते इंपीरियलकडे गेले तेव्हा शारदाने त्यांना कोर्टात खेचले. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. या खटल्याकडे लोक गमतीदार माहिती म्हणून पाहतात. मला त्यात एक ठोस पुरावा दिसतो. दोन कंपन्या एका नटासाठी कोर्टाची पायरी चढतात आणि त्याच्या वतीने मुंबईतला नामांकित वकील उभा राहतो, याचा अर्थ १९३१ च्या उंबरठ्यावर त्या नटाची किंमत धंद्याला पुरती ठाऊक होती. बोलपटाने एखाद्या उतरत्या नटाला बाजूला सारले अशी ही गोष्ट नाही. शिखरावर असलेल्या माणसाला एका नव्या प्रयोगात पुढे केले गेले.

तो प्रयोग कसा पार पडला हे पाहिले की विठ्ठल यांची अडचण नेमकी काय होती ते कळते. इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता आणि ध्वनिबंद नव्हता, म्हणून चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या सुमारास चाले. आवाज आणि चित्र एकाच फितीवर एकाच वेळी उतरवणारे टॅनार पद्धतीचे यंत्र वापरले होते. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवावे लागत, त्यामुळे नटाने त्याच्या टप्प्यात राहूनच बोलायचे. मागून आवाज भरण्याची सोय नव्हती. फीत मधेच कापली तर चित्राबरोबर आवाजही तुटायचा, कारण फितीवर आवाजाचा आणि त्याच्याशी जुळणाऱ्या चित्राचा भाग समोरासमोर नसतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींत विठ्ठल यांचा हातखंडा होता, मोकळी हालचाल आणि कापून जोडलेला वेग, त्या दोन्ही या यंत्राने पहिल्याच दिवशी काढून घेतल्या. वर भाषा पारशी रंगभूमीच्या वळणाची हिंदुस्थानी, आणि नट कोल्हापूरच्या वळणाचा मराठी. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात चित्रपट लागला आणि त्याने अफाट गर्दी खेचली. ती गर्दी आवाज ऐकायला आली होती, हे खरे. पण आवाज ऐकायला आलेल्या गर्दीने उडी मारणाऱ्या नटाला नापास केले असे म्हणणे म्हणजे मल्लाला गाण्याच्या बैठकीत बसवून त्याची कुस्ती संपली असे जाहीर करणे होय.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. त्याच ‘आलम आरा’त पृथ्वीराज कपूर होते, तेही मूकपटांतून आले होते आणि बोलपटात ते मोठे झाले. जुबेदा, सुलोचना, ललिता पवार यांनीही वाट काढली. मग विठ्ठल यांनाच का जमले नाही? प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येकाचे उदाहरण जवळून पाहिले तर उत्तर त्यातच सापडते. पृथ्वीराज पेशावरकडचे होते, हिंदुस्थानी संवादांची आणि रंगमंचाची त्यांना सवय होती. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स यांनाही हिंदुस्थानीच्या अडचणीमुळे काही काळ थांबून भाषा शिकावी लागली आणि मग त्या परतल्या. ललिताबाईंनी नायिकेपेक्षा चरित्र भूमिकांतून आपले स्थान निर्माण केले. मराठीत बोलायचे तर १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि त्यात नायक होते गोविंदराव टेंबे, नामांकित संगीतकार आणि हार्मोनियमवादक. पहिल्या बोलपटांना बोलणारा नायक पुरत नव्हता, त्यांना गाणारा नायक हवा होता. भाषा स्वतःची असली तरी गळा गाता नसेल तर दार अर्धेच उघडे होते. जगातही असेच घडले. खुद्द डग्लस फेअरबँक्स यांची कारकीर्द बोलपट आल्यावर काही वर्षांतच थांबली. चार्ली चॅप्लिन यांनी तर ‘आलम आरा’च्याच वर्षी, १९३१ मध्ये, ‘सिटी लाइट्स’मध्ये न बोलता काम केले आणि तो चित्रपट जगभर नावाजला गेला. चॅप्लिन यांच्याकडे स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःचे पैसे होते, म्हणून आपल्या कलेच्या अटी त्यांना स्वतः ठरवता आल्या. पगारी नट असलेल्या विठ्ठल यांना ती मुभा नव्हती. फरक हुन्नराचा जितका, त्याहून अधिक मालकीचा होता.

‘आलम आरा’नंतर विठ्ठल यांनी काय केले, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. १९३३ साली पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला, आणि त्याची मराठी आवृत्ती ‘औट घटकेचा राजा’ म्हणून निघाली. त्यात शाहू मोडक यांनी राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा सामान्य तरुण अशा दोन भूमिका केल्या. भारतीय बोलपटातली पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख होतो. एकच माणूस पडद्यावर दोन दिसायचा तर दृश्यांची मोजदाद आणि कापणी अचूक लागते, आणि संकलनाच्या टेबलावर घडलेल्या माणसाने हे धाडस केले, यात मला एक सरळ धागा दिसतो. पुढे ते मराठी ऐतिहासिक चित्रपटांत वावरले. भालजी पेंढारकरांच्या १९३९ च्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्यांनी काम केले. शिवकालाच्या ज्या विषयाने १९२४ मध्ये त्यांची सुरुवात झाली होती, त्याच विषयाकडे ते मराठी बोलत परत आले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. पूर्वीचे सितारापण त्यांना परत मिळाले नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण सितारापण गेले म्हणजे माणूस संपला, हे समीकरण बाजाराचे आहे. नाचणारा, संकलक, साहसपटांचा नायक, दिग्दर्शक आणि चरित्रनट अशा पाच कामांत ज्याने आयुष्य घातले, त्याला पराभूत म्हणण्याचा अधिकार इतिहास लिहिणाऱ्याला नाही.

जुना मुलूख हातून गेला तरी हुन्नर टिकतो, हे सांगायला उल्हासनगरइतके बोलके शहर महाराष्ट्रात नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. त्यांचे घर, गाव, मुलूख सगळे मागे राहिले. पण व्यापाराची जाण, शिवणकाम, सुतारकाम, हिशेबाची शिस्त त्यांच्यासोबत आली आणि त्यावर एक उद्योगनगरी उभी राहिली. मास्टर विठ्ठल यांचा हिशेबही याच पद्धतीने मांडला पाहिजे. काय सुटले यापेक्षा काय सोबत आले आणि त्यातून पुढे काय उभे राहिले, हे विचारले पाहिजे.

तरी हा हिशेब आपल्याला नीट मांडता येत नाही, कारण कागदपत्रे आणि फिती आपण गमावल्या आहेत. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच, तेही बरेचसे तुटक, उरले. नायट्रेटची फीत पटकन पेट घेते आणि दमट हवेत कुजते. तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही पुष्कळ फिती नष्ट केल्या गेल्या. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर मूकपटांचे युग संपून तीस वर्षे लोटली होती. २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत उरलेल्यांपैकीही कित्येक रिळे जळाली. आपण विठ्ठल यांच्यावर आवाजाचा निकाल सहज देतो, त्यालाही हेच एक कारण आहे. त्यांच्या बाजूची साक्ष देणारी चित्रे उरली नाहीत आणि विरुद्ध बाजूची एक आख्यायिका मात्र टिकली.

म्हणून कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुन्या सिनेमांच्या जाहिराती, पत्रके, छायाचित्रे किंवा गंजलेल्या डब्यातली फीत असेल तर ती भंगारात देऊ नका आणि घरी उघडून पाहण्याचा प्रयत्नही करू नका. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात कलामहोत्सव भरतो, बदलापुरात आणि उल्हासनगरात नाट्यगृहे आणि वाचनालये आहेत. तिथे एखाद्या संध्याकाळी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ किंवा ‘दिलेर जिगर’ हार्मोनियम-तबल्याच्या साथीने दाखवता येईल, आणि मुलांना सांगता येईल की आपल्या कल्याणच्या खजिन्याची गोष्ट पडद्यावर येऊन शंभर वर्षे झाली. मूकपट पाहायची सवय लागली की तो मुका नाही हे कोणालाही कळते, आणि मग मास्टर विठ्ठल यांना आवाजाच्या तराजूत तोलण्याची चूक आपल्या हातून होणार नाही.